होमरचे टोमणे आणि आपलं 'म्हणे'

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहून गेलो होतो की इलियडमधली (होमरचं ट्रॉयच्या लढाईवरचं जुनं ग्रीक महाकाव्य) माणसं लढता लढता एकमेकांना टोमणे मारतात आणि टोमण्याची सगळी खुबी बऱ्याचदा एखाद्या एकदोन अक्षरी शब्दात असते. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की बाकीची पत्रं (त्यात एक चादरीचा रंग का जातो याबद्दलचं आहे, ते पुढच्या वेळी नक्की) बाजूला ठेवून हे सदर पूर्ण त्यालाच देतोय. ग्रीक लिपी इथं छापत नाही, उच्चार देवनागरीत जमतील तसे दिलेत. कंसातले आकडे म्हणजे आधी पुस्तक क्रमांक (महाकाव्याच्या एकेका भागाला 'पुस्तक' म्हणतात) मग ओळ, भाषांतर जवळ असेल तर उघडून बघा.

प्रश्न : इलियडचं इंग्रजी भाषांतर वाचतोय, निम्मं झालं. राजे भाषण ठोकतात, मग मारामारी, मग परत भाषण. टोमणा मला तरी कुठं दिसला नाही. एखादं उदाहरण नीट उलगडून सांगाल का? (जुळे सोलापूर)

भाषांतरात हेच सगळ्यात आधी गळतं, त्यामुळं तुम्हाला दिसलं नाही यात नवल काही नाही. पहिल्याच पुस्तकात या. ग्रीकांचा राजा ॲगमेम्नॉन आणि त्यांचा सगळ्यात मोठा लढवय्या अकिलीस यांचं भांडण जुंपलंय, लुटीत वाट्याला आलेल्या बाईवरून, आणि ॲगमेम्नॉन भर सभेत म्हणतो (१.१७८) की तू फार बलवान असशील, ते तुला देवानं दिलं असेल. ग्रीक शब्द आहेत 'थेओस पू सोइ तो ग एदोकेन'. त्यातला 'पू' बघा. पू म्हणजे मुळात 'कुठंतरी', आणि त्यावरून 'बहुतेक', 'असेल बुवा'. राजा देवाचं नाव घेतोय पण खांदे उडवून घेतोय, दिलं असेल कुणा देवानं, त्यात तुझं काय कर्तृत्व. अकिलीस देवीच्या पोटचा, हे त्या सभेत कुणाला माहीत नाही असं नाही, म्हणून तर तो 'असेल' जास्त झोंबतो. इंग्रजीत याचं 'देवाची देणगी आहे' एवढंच उरलं की वाक्य एकदम सभ्य होऊन जातं.

पण पूची खरी करामत सोळाव्या पुस्तकात. अकिलीस रुसून बसलाय, त्याचा जिवलग पॅट्रोक्लस त्याचंच चिलखत घालून लढायला जातो. निघताना अकिलीसनं स्पष्ट बजावलंय (१६.८७ पासून पुढं) की ट्रॉयवाल्यांना जहाजांपासून हाकल आणि मागं फिर, ट्रॉयकडं जायचं नाही. पॅट्रोक्लस ऐकत नाही, चेव चढलेला असतो. मग अपोलो देव त्याला मागून तडाखा देतो, युफॉर्बस नावाचा एक जण पाठीत भाला मारतो, आणि तिसरा नंबर हेक्टरचा, ट्रॉयच्या राजपुत्राचा, तो या अर्धमेल्या माणसाच्या पोटात भाला खुपसतो आणि वर उभा राहून भाषण करतो. भाषण तेरा ओळींचं (१६.८३० ते ८४२) आणि त्यात पू तीनदा.

पहिली ओळ सुरू होते 'पात्रोक्ल, ए पू एफेस्था', म्हणजे पॅट्रोक्लस, तुला वाटलं असेल नाही का, आमचं शहर लुटावं, आमच्या बायका जहाजात घालून न्याव्यात. यात 'ए' हा ठासून सांगायचा शब्द आणि 'पू' अंदाजाचा, दोघं शेजारी शेजारी. खात्रीही दाखवायची आणि 'मी आपला अंदाज करतोय हं' असंही म्हणायचं, समोरच्याला खिजवायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. आपण "तुला नक्कीच वाटलं असणार" म्हणतो तेव्हा अगदी हेच करत असतो.

मग हेक्टर पुढं म्हणतो, तो अकिलीस स्वतः तिथंच बसून राहिला आणि तुला निघताना बरंच काही सांगितलं असेल त्यानं (इथं दुसरा पू), की हेक्टरच्या छातीवरचा अंगरखा रक्तानं भिजवून फाडल्याशिवाय जहाजाकडं फिरकू नकोस. असंच काहीतरी बोलला असेल (तिसरा पू) आणि तू मूर्ख, ऐकलंस त्याचं.

इथं जरा थांबायला पाहिजे. अकिलीसनं काय सांगितलं होतं ते आपण वाचलंय, नेमकं उलटं. हेक्टर 'असेल' म्हणतो ते मिजाशीत म्हणतो, त्याच्या हिशेबानं त्याला सगळं कळलेलं आहे आणि अंदाजाचं नुसतं सोंग आहे. पण ऐकणाऱ्याला कळतंय की याला खरोखरच काही माहीत नाही, पू अगदी अक्षरशः खरा आहे. म्हणजे बोलणाऱ्यानं टोमणा म्हणून वापरलेला शब्द कवीनं त्याच्याच गळ्यात घातला. आणि हे सांगायला होमर मधे येऊन एक शब्दसुद्धा बोलत नाही.

पॅट्रोक्लसचं उत्तर पण बघण्यासारखं. मरता मरता तो म्हणतो की मला देवानं मारलं, मग युफॉर्बसनं, तू तर तिसरा. आणि पुढं (१६.८५२) 'ऊ थेन ऊद आउतोस देरोन बेए', तू तरी कुठं फार दिवस जगतोयस म्हणा. 'थेन' हा त्याचा छोटा शब्द, म्हणा, बघच, असल्या सुराचा. होमरनंतर तो मुख्यतः सिसिलीकडच्या ग्रीक लेखकांत दिसतो, त्यामुळं बोलीतला वाटतो, मला तरी.

आता बाविसावं पुस्तक. अकिलीसनं हेक्टरला पाडलंय, भाला गळ्यातून आरपार, आणि त्याचं पहिलं वाक्य (२२.३३१) 'हेक्तोर, अतार पू एफेस', हेक्टर, पॅट्रोक्लसचं चिलखत ओरबाडताना तुला वाटलं असेल आपण सुटलो. तोच पू, तेच क्रियापद, आणि दोन्ही भाषणांत दोन-तीन ओळींनंतर तीच शिवी, 'नेपिए', वेड्या पोरा. मजा अशी की हेक्टर ते बोलला तेव्हा अकिलीस तिथं नव्हताच, त्यानं ते ऐकलेलंच नाही. ऐकलंय ते श्रोत्यांनी, सहा पुस्तकांआधी. म्हणजे ही परतफेड अकिलीसच्या डोक्यात नाही, ती ऐकणाऱ्याच्या कानात होते.

प्रश्न : मी एमपीएससीचा अभ्यास करतो. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात 'म्हणे', 'बापडा', 'बेटे' हे 'व्यर्थ उद्गारवाची' दिलेत, म्हणजे वाक्यात काही अर्थ न वाढवणारे. ग्रीक कवीनंही ओळ भरायला असे शब्द कोंबले असतील, तुम्ही उगाच त्यात अर्थ शोधताय असं नाही का? (सात रस्ता)

परीक्षेत 'व्यर्थ' असंच लिहा, मार्क जातील नाहीतर. पण शंका जुनी आहे आणि चांगली आहे. ग्रीक व्याकरणाचं जे सगळ्यात जुनं छोटं पुस्तक डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर चालतं त्यात दे, र, नू, पू, तोइ, थेन, पेर, गे अशा शब्दांची यादी आहे आणि त्यांना चक्क 'भरतीचे' म्हटलंय, वृत्तासाठी किंवा सजावटीसाठी घेतलेले. आपल्याकडं अमरकोशात 'तु हि च स्म ह वै पादपूरणे' आहेच, श्लोकाचा चरण भरायला. पण आपल्याच यास्कानं त्याच्या कितीतरी आधी निरुक्त या वैदिक शब्दांवरच्या ग्रंथात 'निपाता उच्चावचेष्वर्थेषु निपतन्ति' असंही म्हणून ठेवलंय, निपात, म्हणजे असले छोटे अव्यय शब्द, नाना तऱ्हेच्या अर्थांत येऊन पडतात. पादपूरण करणारे निपात त्यानंही मानले, पण सगळेच तसे असं नाही म्हटलं.

विसाव्या शतकात हा वाद परत तापला. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन तोंडी महाकाव्य गाणारे गायक प्रत्यक्ष ऐकले, आणि होमरची शैली पण तशीच, तयार ठोकळ्यांची, वृत्तात बसतील अशा शब्दगटांची आहे हे पटवून दिलं. त्यानंतर बरेच जण म्हणायला लागले की मग छोट्या शब्दात काय अर्थ शोधायचा, दोन मात्रा कमी पडल्या की घाल एक 'र'. दुसऱ्या बाजूला जे. डी. डेनिस्टन नावाच्या इंग्रज पंडितानं १९३४ मध्ये फक्त ग्रीक निपातांवर जाडजूड ग्रंथ काढला, एकेका शब्दाच्या छटा वेगळ्या करत करत.

मला विचाराल तर वाद एका साध्या गोष्टीनं बराचसा मिटतो. ए, पू, थेन हे शब्द जवळजवळ सगळे पात्रांच्या तोंडी येतात, कवी स्वतः गोष्ट सांगत असतो तेव्हा ते फारसे सापडत नाहीत. आता वृत्त तर दोन्हीकडं तेच आहे, षट्पदी ओळ. नुसती भरतीच करायची असती तर निवेदनातही तेवढीच झाली असती की! भरती होत असेलही, नाही कोण म्हणतं, कुठल्याही शाहिराला ओळ भरायला लागते, पण कुठला शब्द कुणाच्या तोंडी भरायचा हे त्याला कळतं. राम जोशी आपल्या सोलापूरचे, त्यांच्या गावात राहून मी शाहिराला मात्रा कमी पडल्या म्हणून वाटेल तो शब्द घातला असं म्हणणार नाही.

प्रश्न : मग 'पू' दिसला की उपरोध समजायचा का? (बाळे)

अजिबात नाही. दुसऱ्या पुस्तकात ॲगमेम्नॉन सैन्याची परीक्षा घ्यायला खोटं भाषण करतो, चला घरी जाऊ, आपल्याच्यानं ट्रॉय पडत नाही, देवांच्या राजाला, झ्यूसला, असंच आवडत असेल (२.११६, त्यात पू). मनात वेगळंच आहे, सैन्यानं 'नाही जाणार' म्हणावं अशी त्याची इच्छा, आणि सैन्य मात्र जहाजांकडं पळत सुटतं. मग नवव्या पुस्तकात तो खरोखर हरलाय, सगळ्यांसमोर उभा राहून रडतोय, आणि तेच भाषण, आखूड करून पण जवळजवळ त्याच ओळींत, परत करतो. ती पूवाली ओळ पण जशीच्या तशी (९.२३). एकदा नाटक, एकदा खरं रडणं, अक्षर बदललेलं नाही. शब्द फक्त एवढंच सांगतो की बोलणारा 'हे मला पक्कं माहीत नाही' असं म्हणतोय. तो ते का म्हणतोय हे प्रसंग सांगतो.

प्रश्न : आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू. आई कुणाबद्दल ऐकीव काही सांगताना शेवटी 'अट' लावते, आणि विश्वास नसला की तोच 'अट' असा लांबवते की समोरचा हसलाच पाहिजे. ग्रीकमध्ये असं काही आहे का?

हे पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण सोलापुरात हे कानावर पडतंच, लक्ष कुणी देत नाही. तेलुगूत 'अट', अक्कलकोटकडं कन्नडात 'अंते', मराठीत 'म्हणे'. तिन्ही भाषांत तो आधी प्रामाणिक आहे, 'मी पाहिलं नाही, लोक सांगतात' एवढाच. आणि तिन्ही भाषांत तो वाकडा करता येतो. "त्याला नोकरी लागली म्हणे" ही बातमी, आणि "म्हणे नोकरी लागली!" हा टोमणा, फरक नुसता जागेचा आणि गळ्याचा.

होमरकडं असा वाक्याला चिकटणारा एक शब्द नाही. त्याच्याकडं 'फासि' आहे, अर्थ 'म्हणतात', सरळ क्रियापद, पण मधेच टाकलेलं असलं की काम तेच करतं. पाचव्या पुस्तकात त्लेपोलेमस नावाचा ग्रीक, हा हेराक्लीसचा मुलगा म्हणजे झ्यूसचा नातू, तो ट्रॉयच्या बाजूनं लढणाऱ्या लिसियाच्या सार्पेडॉनला डिवचतो (५.६३५) की तुला झ्यूसचा मुलगा म्हणतात ते खोटं बोलतात, झ्यूसची पोरं कशी होती ती आमच्या बापाच्या काळातली बघायला पाहिजे होती. अगदी आपलं "झ्यूसचा मुलगा म्हणे!" दोघं एकदमच भाले फेकतात. सार्पेडॉनचा भाला त्लेपोलेमसच्या मानेतून जातो, तो जागीच संपतो. त्लेपोलेमसचा भाला सार्पेडॉनच्या मांडीत हाडापर्यंत घुसतो आणि मग होमर चार शब्द टाकतो (५.६६२): बापानं अजून तरी मरण लांब ठेवलं. 'बापानं'. वादच ज्यावर होता तो मुद्दा कवीनं एका साध्या नामानं निकालात काढला. आणि 'अजून', ग्रीक 'एति', ते छोटं अक्षर तर सोळाव्या पुस्तकापर्यंत लांबतं, जिथं हाच बाप हाच मुलगा मरताना बघतो आणि वाचवत नाही.

तुमच्या आईच्या लांबवलेल्या 'अट'च्या सगळ्यात जवळचा ग्रीक शब्द होमरमध्ये नाही, नंतर इतिहासकार हेरोडोटसच्या वेळेला जोरात दिसतो, 'देथेन', अमुक कारणासाठी म्हणे, म्हणजे कारण खोटं. आजच्या ग्रीकमध्येही तो शब्द 'नावापुरता, ढोंगी' या अर्थानं चालू आहे.

प्रश्न : लढाईत माणूस मरतोय आणि हे विनोद करतात? पटत नाही. (अक्कलकोट रोड)

करतात, आणि ते वाचताना अंगावर येतं. सोळाव्यातच पॅट्रोक्लस मरायच्या थोडं आधी हेक्टरचा सारथी केब्रिओनीस याला दगड मारतो. दगड अणकुचीदार, कपाळावर बसतो, हाड फुटतं, डोळे निखळून धुळीत पायाशी पडतात, आणि तो रथावरून खाली जातो, होमर म्हणतो, पाणबुड्या बुडी मारतो तसा. इथपर्यंत ही कवीची उपमा. पण लगेच पॅट्रोक्लस ती उचलतो (१६.७४५ पासून) : अरे वा, काय हलका माणूस आहे, किती सहज कोलांटी मारतो! हा जर मासळीच्या समुद्रावर असता तर नावेवरून उड्या मारून शिंपल्या काढून किती जणांची पोटं भरली असती, वादळ असलं तरी! म्हणजे ट्रॉयवाल्यांतही कोलांटउड्यावाले आहेत तर!

शेवटच्या वाक्यात 'ए र' आहे. 'र' हा 'अर' या शब्दाचा तोकडा भाऊ, अर्थ 'अच्छा, म्हणजे असं आहे तर', आत्ताच काहीतरी लक्षात आल्याचा. समोर माणूस मेलाय आणि हा आपल्याला एक नवीन माहिती मिळाल्याच्या सुरात बोलतोय. आधी 'जर समुद्रावर असता' मध्ये 'दे पू' आहे, म्हणजे विषय गंभीरपणे विचारात घेतल्यासारखा. क्रूरपणा दगडापेक्षा या साळसूद सुरात जास्त आहे, माझं मत. आणि होमर स्वतःच आधी सांगून टाकतो की हे तो 'एपिकेर्तोमेओन' म्हणजे टोचून बोलला, त्यामुळं हे उपरोधाचं आहे का नाही यावर वाद घालायचं कारणच उरत नाही.

अजून एक गंमत, त्याच ओळीत कवी पॅट्रोक्लसला 'तू' म्हणतो. "टोचून बोललास तू, पॅट्रोक्लस." तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगता सांगता एकदम त्याच्याशीच बोलायला लागतो. हे पुस्तक संपायच्या आत हा मरणार आहे आणि याच्या डोक्यावर उभा राहून दुसरा कुणीतरी असंच टोचून बोलणार आहे, हे कवीला माहीत आहे.

प्रश्न : देवदेवतांतही हे चालतं का? (नवी पेठ)

भरपूर. पाचव्यात प्रेमाची देवता ॲफ्रोडाइटी हिला लढाईत हाताला जखम होते, ती रडत आईकडं जाते, आणि ॲथीना झ्यूससमोर म्हणते (५.४२१ च्या पुढं), बाबा, रागावणार नसाल तर बोलू का, ही नक्कीच कुठल्या तरी ग्रीक बाईला ट्रॉयवाल्यांच्या मागं लावायला तिला गोंजारत असेल आणि त्या बाईच्या सोन्याच्या पिनेला हिचा नाजूक हात खरचटला असेल. 'ए माला दे', तीन ठासणारे शब्द एका ओळीत, जितकी कल्पना खोटी तितकी खात्री जास्त. झ्यूस हसतो. आठव्यात तोच झ्यूस ॲथीनाला आणि आपल्या बायकोला, हेराला, सुनावतो, अशा तोंड पाडून का बसलात, ट्रॉयवाल्यांना मारून मारून दमला तर नसाल ना (८.४४७ पासून), तिथं आपला 'थेन' परत. लढायला निघालेल्या त्या दोघींना त्यानंच वाटेतून माघारी फिरवलेलं असतं.

प्रश्न : लेखी मजकुरात सूर कळतो कसा? होमरच्या वेळी उद्गारचिन्ह तर नसणार. (सोलापूर)

नव्हतंच. विरामचिन्हं, शब्दांत मोकळी जागा, आघाताच्या खुणा यातलं काही नाही, सगळी अक्षरं सलग. आघाताच्या खुणा अलेक्झांड्रियात आल्या, त्याचं श्रेय बायझँटियमच्या ॲरिस्टोफनीसला देतात, म्हणजे इसवी सनापूर्वी २०० च्या आसपास. तोपर्यंत 'ए' एवढं अक्षर दिसलं तर ते 'खरंच' का 'किंवा' हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. छोटे शब्द एवढे का लागतात याचं अर्धं उत्तर इथंच आहे, गळ्यातून जे येतं ते कागदावर ठेवायला दुसरी जागाच नव्हती. उरलेलं काम प्रसंगाचं.

प्रश्न : ओडिसीतलं एखादं आवडतं? आणि मराठीत, आपल्या सोलापुरी मराठीत, हे शब्द आणायचे तर कसे? मी थोडं भाषांतर करून बघतेय. (होटगी रोड)

आवडतं म्हणाल तर सतरावं पुस्तक, ओळ ३९७. ओडिसी म्हणजे होमरचं दुसरं महाकाव्य, ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ओडिसियसची गोष्ट. ओडिसियस वीस वर्षांनी घरी आलाय पण भिकाऱ्याच्या वेषात, जेवणाऱ्यांपुढं हात पसरत फिरतोय. त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेल्यांचा म्होरक्या अँटिनोउस म्हणतो याला हाकला. तेव्हा मुलगा टेलेमाकस म्हणतो, अँटिनोउस, 'ए मेउ काला पातेर होस केदेआइ हुइओस', खरंच हो, बाप मुलाची काळजी घेतो तशी माझी किती छान काळजी घेता तुम्ही! अँटिनोउसला यातला एक टोमणा कळतो. दुसरा कळायला त्याला त्या भिकाऱ्याकडं नीट बघायला लागलं असतं, बाप तिथंच ऐकतोय. टेलेमाकसला ते माहीत आहे, बापाला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे. इथं 'ए'चं मराठी करताना नुसतं 'खरोखर' नका घालू, पुस्तकी होतं. 'खरंच हो' मधला 'हो' टोमण्याचा निम्मा भार उचलतो, आणि मी मुद्दाम 'तुम्ही' केलंय, ग्रीकमध्ये एकवचनच आहे, पण मराठीत चिडलेला तरुण असल्या वेळी आदरार्थीवर जातो ना.

सोलापुरी म्हणाल तर आपल्याकडं 'की' आहे आणि तो एकटा चार ग्रीक शब्दांना पुरून उरेल. लग्नात अक्षता पडून गेल्यावर कुणी आलं की दारातली म्हातारी म्हणते ना, "लवकर आलात की!" त्या 'की'त 'दे' आहे, हे तुमच्या माझ्या डोळ्यांसमोर आहे, वेगळं सांगायला नको, असा. दीर्घ 'दे' ग्रीकमध्ये तेच करतो, समोर दिसतंय ते दोघांना मान्य आहे असं धरून चालतो, आणि जे मान्य नाही त्यावर तो लावला की वाक्य तिरकं होतं. इलियडच्या नवव्यात अकिलीस ॲगमेम्नॉनबद्दल बोलतो ते (९.३४८) मी असं करीन : "माझ्यावाचून लई कामं केली की त्यानं! भिंत काय बांधली, तिला खंदक काय काढला, रुंद, मोठा, वर मेखा पण ठोकल्या. तरी हेक्टर काय अडंना." मूळात 'ए मेन दे माला' असा छोट्या शब्दांचा ढीग आहे, एकास एक शब्द लावायच्या फंदात पडू नका, मराठीत दोन 'काय' आणि एक 'की' बास झाले.

'पू'ला 'असेल' चालतं, क्रियापदातच बसवायचा. 'म्हणे' टाळा, कारण 'म्हणे' म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी सांगितल्याचं येतं आणि हेक्टरला कुणी काही सांगितलेलं नाही, तो मनानंच बोलतोय, तीच तर त्याची फजिती. 'थेन'ला वाक्याच्या शेवटी 'म्हणा' किंवा 'बघ'. 'अर' सगळ्यात सोपा, 'तर'. ओडिसीच्या नवव्यात ओडिसियस जहाजातून आंधळ्या राक्षसाला ओरडून सांगतो (ओडिसी ९.४७५), "म्हणजे सायक्लॉप्स, ज्याची माणसं तू गुहेत खाल्लीस तो काय लेचापेचा नव्हता तर!" या 'तर'साठी पुढं काय होतं ते वाचाच, राक्षस डोंगराचं टोक उपटून जहाजावर फेकतो, साथीदार गप्प बस म्हणून विनवतात, आणि हा ऐकत नाही, स्वतःचं खरं नाव गावासकट सांगून टाकतो. मग राक्षस ते नाव घेऊनच बापाकडं, समुद्राच्या देवाकडं, शाप मागतो.

आणि तुम्हाला करून बघायला एक ओळ देतो, ओडिसी २२.१९५. मेलँथिओस हा बकऱ्या राखणारा फितूर, ओडिसियसच्या शत्रूंना शस्त्रं पुरवताना पकडला गेलाय, हातपाय मागं बांधून त्याला छताच्या तुळईला टांगलंय, आणि डुकरं राखणारा युमेउस खालून वर बघत म्हणतो, 'नून मेन दे माला पांखी', मग रात्रभर राखण, मग मऊ अंथरूण, मग तुला शोभेल असं, आणि वर पहाट उगवताना तुला चुकणार नाही, रोज त्यांच्या मेजवानीला बकऱ्या हाकतोस ना त्या वेळेला. माझा खर्डा : "आता कसं, मेलँथिओस, मऊ गादीवर पडून रातभर राखण करशील की मस्त, तुला शोभतंय तसं." 'पांखी' म्हणजे 'पूर्ण, पार', ते माझ्यात आलेलं नाही. 'पार रातभर' केलं तर सूर बसतो पण मग 'मस्त' जास्त होतो. तुम्ही काय करता ते कळवा, जागा असली तर छापतो.